संख्येचें स्तोम आणि डाकोटांतील आइसलंडी

आमच्या एका विद्वान स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत अमेरिकेचा एक मोठा रंगीत नकाशा टांगलेला आहे. स्नेह्यांचे चिरंजीव त्या देशाच्या उत्तर डाकोटा राज्यांत, फार्गो शहरीं, सहकुटुंब राहतात. त्यामुळें त्या घरीं या नकाशाचा मान देवादिकांच्या तसबिरींच्या खालोखाल आहे. २००० सालच्या खानेसुमारींत अमेरिकन लोकांनीं आपलें कूळ मूळ कोणत्या देशांतलें म्हणून जें सांगितलें, त्यावरून तो तयार झालेला आहे. ज्या जिल्ह्यांत ज्या कुळाचे लोक सर्वांत अधिक, त्या कुळाचा रंग त्या सबंध जिल्ह्याला. परवां त्या नकाशापुढें उभे राहून स्नेही आम्हांस म्हणाले, "पाहा, उत्तर डाकोटांत कोण राहतात हें एका दृष्टिक्षेपांत समजतें. जर्मन आणि नॉर्वेजियन. मूळच्या इंडियन लोकांच्या राखीव मुलखाचे दोनचार ठिपके सोडले, तर तिसरा रंगच नाहीं." आम्हीं सहज विचारलें, "आणि आइसलंडी?" त्यांनीं क्षणभर नकाशा न्याहाळला आणि निकाल दिला, "नाहींत. असते तर त्यांना रंग मिळाला नसता काय?"

त्या वेळीं आम्ही गप्प बसलों, कारण चहा आला होता. परंतु घरीं येतांना तें वाक्य मनांतून जाईना. कारण हें मत एकट्या आमच्या स्नेह्यांचें नाहीं. जें शेंकडेवारींत भरत नाहीं तें अस्तित्वांतच नाहीं, असें मानण्याची रीत आज सुशिक्षितांत सर्रास पडली आहे. समाज म्हणजे संख्या, संख्या म्हणजे रंग, आणि रंग नाहीं म्हणजे माणूस नाहीं! या तर्कशास्त्राचा समाचार घेण्यासाठींच आम्हीं आज लेखणी उचलली आहे. उत्तर डाकोटांतील आइसलंडी कुळाचे लोक राज्याच्या वस्तींत शेंकडा एकही भरत नाहींत, हें आम्ही आरंभींच मान्य करितों. आमचा वाद या आंकड्याशीं नाहीं. त्यावरून काढलेल्या अनुमानाशीं आहे.

प्रथम या रंगांची कारागिरी पाहूं. एखाद्या जिल्ह्यांत शंभर घरें आहेत असें समजा. त्यांतील तीस जर्मनांचीं, पंचवीस नॉर्वेजियनांचीं, वीस आइसलंडी लोकांचीं आणि उरलेलीं पंचवीस दहा ठिकाणांहून आलेल्यांचीं. नकाशाच्या न्यायानें हा जिल्हा जर्मन ठरला. तिसांचा रंग सत्तरांच्या अंगावर चढला, आणि सत्तरांना तो उतरविण्याचा अधिकार नाहीं. शिवाय मूळ प्रश्नच किती निसरडा! ज्याची एक आजी आइसलंडी, दुसरी नॉर्वेजियन आणि आजोबा जर्मन, तो मनुष्य कागदावर काय लिहील? ज्या आजीच्या मांडीवर तो वाढला तिचें कूळ लिहील, किंवा जें नांव प्रथम आठवेल तें लिहील. २००० नंतर तर हा प्रश्न दशवार्षिक खानेसुमारींतून निघून नमुन्यादाखल निवडलेल्या घरांच्या पाहणींत गेला. जेथें मुळांत माणसें थोडीं, तेथें असा नमुना अधिकच पोकळ. असा हा नकाशा एका प्रश्नाचें उत्तर देतो: कोण अधिक? तो जेव्हां 'कोण आहे आणि कोण नाहीं' याचें उत्तर देऊं लागतो, तेव्हां तो आपल्या पायरीबाहेर जातो.

आतां या नाहींशा ठरविलेल्या लोकांची हकीकत ऐका. आइसलंड हें उत्तर अटलांटिकांतील ज्वालामुखींचें व हिमाचें बेट. १८७० पासून १९१४ पर्यंत तेथून सुमारें १५,००० माणसें उत्तर अमेरिकेस गेलीं. आणि आरंभीं त्या साऱ्या देशाची वस्ती ७०,००० च्या आसपास होती. एवढ्या लहान राष्ट्राला हा केवढा घाव असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. जाण्याचीं कारणें साधीं होतीं. थंडी, किनाऱ्याला भिडणारा समुद्रांतील बर्फ, मेंढ्यांचे रोग, आणि जमिनीची टंचाई. ज्याला स्वतःचें शेत नाहीं त्यानें दुसऱ्याच्या शेतावर वर्षाच्या बोलीनें चाकरी केलीच पाहिजे, असा तेथें दंडक होता. त्यांत १८७५ सालीं आस्क्या ज्वालामुखीचा स्फोट होऊन पूर्व भागांतील कुरणें राखेखालीं गेलीं. त्याच सालीं कानडांत विनिपेग सरोवराच्या पश्चिम तीरावर गिमली येथें 'नवें आइसलंड' वसलें. परंतु नव्या भूमीनें त्यांचें स्वागत केलें तें १८७६–७७ च्या देवीच्या सांथीनें. पाठोपाठ पुराचें पाणी आलें. आणि एवढ्यानें भागलें नाहीं म्हणून कीं काय, दोन धर्मगुरूंच्या पक्षांत शास्त्रार्थावरून वितुष्ट आलें. त्यांपैकीं एक, पॉल थोरलाक्सन, यांनीं १८७८ सालीं आपल्या अनुयायांसाठीं सरहद्दीच्या दक्षिणेस डाकोटा प्रदेशांत जागा पाहिली. लोक पायीं, बैलगाड्यांनीं तेथें जाऊं लागले. उत्तर डाकोटाच्या अगदीं ईशान्य कोपऱ्यांतला पेंबिना जिल्हा तो हाच. थोरलाक्सन यांना फार दिवस लाभले नाहींत. वयाची पस्तिशी गांठण्यापूर्वींच, १८८२ सालीं, ते क्षयानें वारले.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही भूमि पूर्वीं कोणाचीच नव्हती असें नाहीं. १८६३ च्या तहानें अमेरिकन सरकारनें हा मुलूख ओजिब्वे लोकांकडून घेतला, आणि मग तो यूरोपांतून येणाऱ्यांस वांटला. थोड्यांची बाजू मांडण्यास बसलेल्या आम्हांस त्याहूनही अधिक विसरलेल्यांचा विसर पडणें शोभणार नाहीं.

"बरें, आले असतील, पण ते एका ठिकाणीं कोठें राहिले? विखुरले आणि विरघळले!" हा दुसरा आक्षेप. तो घेणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें आपलें गांवठाण असतें: मध्यें देऊळ, भोंवतीं आळ्या, वेशीबाहेर शेतें. डाकोटांत तसें गांव उभें राहणें कायद्यानेंच अशक्य होतें. १८६२ च्या कायद्याप्रमाणें प्रत्येक कुटुंबास सरकारी जमिनीपैकीं १६० एकर मिळत, पण त्या जमिनीवरच घर बांधून पांच वर्षें राहिलें पाहिजे, ती कसली पाहिजे, अशी अट होती. म्हणजे एका चौरस मैलांत फार तर चार घरें. शेजाऱ्याच्या चुलीचा धूर दिसावा, पण हांक ऐकूं जाऊं नये, एवढें अंतर! आइसलंडी लोकांना हें नवीन नव्हतें. त्यांच्या मायदेशींही गांवें जवळजवळ नव्हतींच. एकेक शेतवाडी, मध्यें ओसाड माळ, आणि सर्वांचें मिळून एक प्रार्थनामंदिर. तेव्हां विखरून राहणें हें विरघळण्याचें लक्षण मानणाऱ्यांनीं आधीं हें ध्यानांत घ्यावें, कीं विखरून राहूनही एक राहण्याची विद्या हे लोक हजार वर्षांची शिदोरी म्हणून बरोबर घेऊन आले होते.

पेंबिना जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर रेड नदी वाहते, आणि तिच्या कांठची जमीन तव्यासारखी सपाट आहे. आइसलंडी लोक वसले ते पश्चिमेकडे, जेथें जमीन हळूहळू चढूं लागते आणि जेथें लाकूड व वाहतें पाणी हाताशीं असतें, त्या पट्ट्यांत. माउंटन, गार्डर, हॅलसन, अक्रा, स्वोल्ड हीं तेथील ठिकाणांचीं नांवें. माउंटन म्हणजे पर्वत. पण तेथें आहे तो एका आटून गेलेल्या पुरातन सरोवराच्या कांठचा चढ! ज्वालामुखींच्या देशांतून आलेल्यांनीं त्या चढास पर्वत म्हणून चालवून घेतलें, यांत त्यांच्या विनोदबुद्धीची साक्ष पटते. गार्डर हें नांव आइसलंडाला प्रथम वळसा घालणारा म्हणून ज्याची ख्याति आहे त्या दर्यावर्दीचें. हॅलसन हें एका वसाहतवाल्याचें. नकाशावर रंग नसेल, पण अक्षरें आहेत. आमचे स्नेही रंग पाहत राहिले आणि अक्षरें वाचावयास विसरले.

परंतु केवळ नांवांवर आम्ही आपली बाजू उभी करीत नाहीं. मेलेल्या लोकांचींही नांवें गांवांना चिकटून राहतात. समाज जिवंत आहे कीं नाहीं हें ओळखण्याची कसोटी एकच: त्यानें कांहीं उभारलें काय, आणि उभारलेल्याविषयीं तो भांडला काय? माउंटन येथील व्हिकुर प्रार्थनामंदिर १८८४ सालीं बांधलें गेलें. अमेरिकेंतील आइसलंडी मंदिरांत तें सर्वांत जुनें मानितात. उत्तर अमेरिकेंतील साऱ्या आइसलंडी लोकांच्या लूथरपंथी धर्मसंघाची स्थापना १८८५ सालीं झाली ती विनिपेगसारख्या शहरांत नव्हे, याच माउंटनमध्यें. आणि लगेच तीन वर्षांनीं, १८८८ सालीं, शेजारच्या गार्डर येथें कांहीं शेतकऱ्यांनीं एक संस्कृतिमंडळ काढलें, तें धर्मगुरूंच्या सत्तेस आव्हान देण्यासाठीं! दिवसभर नांगर धरणारीं माणसें रात्रीं कंदिलाच्या उजेडांत बुद्धिवाद आणि श्रद्धा यांवर वाद घालीत होतीं. पुढें १९०९ च्या सुमारास उदारमत व कर्मठमत यांवरून मंडळ्या फुटल्या. कोणी म्हणेल, ही तर दुहीची कथा! आम्ही म्हणतों, हीच जिवंतपणाची खूण. ज्या घरांत दोन मतें आहेत तें घर रिकामें नसतें.

त्या गार्डरच्या मंडळांत स्टेफन स्टेफनसन नांवाचा एक शेतकरी होता. १८५३ सालीं आइसलंडांत जन्मलेला हा गृहस्थ १८८० पासून १८८९ पर्यंत येथें राहिला व पुढें कानडांतील आल्बर्टा प्रांतांत गेला. शाळेचें शिक्षण नाहीं, दिवस सारा शेतांत, आणि कविता रात्रीं. त्याच्या काव्यसंग्रहाचें नांवच 'जागरणें' अशा अर्थाचें आहे. आज आइसलंडी भाषेच्या थोर कवींत त्याची गणना होते. माउंटनजवळ दुसरा एक कवि होऊन गेला, क्रिस्त्यान युलियुस, लोकांच्या तोंडीं 'के. एन.'. हा शेतमजुरी करी आणि लोकांचीं थडगीं खणी. संसार केला नाहीं. पण त्याच्या विनोदी श्लोकांनीं वसाहतींतील घरोघर हंशा पिकविला. १९३६ सालीं तो वारला व थिंगव्हाला मंदिराच्या आवारांत त्यास मूठमाती मिळाली. तें मंदिर २००३ सालीं जळून गेलें. थडगें मात्र आहे. उत्तर ध्रुवप्रदेशाचा प्रसिद्ध संशोधक विल्हयाल्मुर स्टेफनसन याचें बाळपण याच माउंटनच्या परिसरांत गेलें. एका कोपऱ्यांतल्या दहापांच वाड्यांनीं एवढें दिलें! ज्यांना रंग मिळाला अशा कित्येक विस्तीर्ण जिल्ह्यांनीं किती दिलें याचा हिशेब आम्ही मागत नाहीं. पण मागितला तर नकाशावाल्यांची अडचण होईल.

तिसरा आक्षेप सर्वांत संभावित, म्हणून सर्वांत घातक. "अशीं वेगळीं राहणारीं माणसें आपल्यापुरतीं पाहतात, देशाला त्यांचा काय उपयोग? त्यांनीं आपली वेगळी चूल मोडून बहुजनांत मिसळावें हेंच बरें." यास आम्ही एकच उदाहरण पुढें करितों. १९२१ च्या अखेरीस मार्टिन टॅबर्ट नांवाचा उत्तर डाकोटांतील बावीस वर्षांचा मुलगा कामधंदा शोधीत फ्लॉरिडा राज्यांत पोहोंचला आणि विनातिकीट आगगाडींत बसल्याबद्दल पकडला गेला. दंड अवघा पंचवीस डॉलर. घरच्यांनीं पैसे पाठविले ते परत आले. मुलगा कैदी म्हणून एका लांकडाच्या कंपनीस भाड्यानें दिला गेला, आणि १९२२ च्या फेब्रुवारींत मुकादमाच्या चाबकाखालीं त्याचा प्राण गेला. हें प्रकरण तेथेंच मातींत गेलें असतें. परंतु मुलाच्या जिल्ह्याचा, म्हणजे पेंबिनाशेजारच्या कॅव्हेलियर जिल्ह्याचा, सरकारी वकील गुडमुंडर ग्रिमसन हा होता: आइसलंडांत जन्मलेला, लहानपणीं आईबापांबरोबर डाकोटांत आलेला. मुलगा त्याच्या गोताचा नव्हता. फ्लॉरिडा हजार मैलांपलीकडे. तेथें या वकिलाचा कसलाही अधिकार चालत नव्हता. तरी त्यानें पाठपुरावा केला, आपल्या राज्याच्या विधिमंडळास जागें केलें, वृत्तपत्रांकडून गवगवा करविला. आणि १९२३ सालीं फ्लॉरिडाला कैदी भाड्यानें देण्याची व त्यांस फटके मारण्याची चाल कायद्यानें बंद करावी लागली. हाच ग्रिमसन पुढें उत्तर डाकोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. आपली चूल राखणारा दुसऱ्याच्या घराची आग विझवीत नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं या वकिलाचें चरित्र वाचावें. आमचा तर अनुभव उलट आहे. ज्याला आपलें कूळ ठाऊक आहे, त्यालाच दुसऱ्याच्या कुळाची किंमत कळते.

आतां प्रतिपक्षाचें जें खरें आहे तें प्रामाणिकपणें मान्य करूं. भाषा राहिली नाहीं. वसाहतींत जन्मलेल्या दोनतीन पिढ्या घरीं आइसलंडी बोलत. शाळा, बाजार, कचेरी आणि अखेरीस प्रार्थनामंदिरही इंग्रजीकडे गेलें, आणि आज ती भाषा बाळपणापासून बोलणारीं माणसें अगदीं थोडीं उरलीं आहेत. ग्रँड फोर्क्स येथील विश्वविद्यालयांत रिचर्ड बेक या आइसलंडी विद्वानानें १९२९ पासून १९६७ पर्यंत अध्यापन केलें. पण एक अध्यासन घराघरांतील ओसरी कशी भरून काढणार? तथापि या ऱ्हासाच्या कथेंतही एक मौज आहे. मायदेशीं कांहीं स्वरांचा एक ग्राम्य मानलेला उच्चार विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोहीम करून जवळजवळ नाहींसा केला गेला. डाकोटांतील शेतकऱ्यांपर्यंत ती मोहीम पोहोंचली नाहीं. तेथें तो उच्चार तसाच टिकला, आणि पुढें मायदेशच्या भाषापंडितांना तो अभ्यासण्यासाठीं माउंटनची वाट धरावी लागली! ज्या थोड्यांना आपण मूळ प्रवाहापासून तुटलेले म्हणून हिणवितों, त्यांच्याच घरीं मूळ प्रवाहानें हरविलेली वस्तु सांपडते. संख्येच्या उपासकांनीं याचें उत्तर द्यावें.

वस्तीही घटली. पेंबिना जिल्ह्यांत १९०० सालीं सतरा हजारांवर माणसें होतीं. २०२० च्या खानेसुमारींत सात हजारही भरलीं नाहींत. माउंटन गांवांत तर आज शंभरही माणसें राहत नाहींत. पण हा कांहीं आइसलंडी रक्ताचा दोष नव्हे. यंत्रांनीं शेती मोठी केली आणि शेतकरी थोडे केले. मुलें फार्गोस, ग्रँड फोर्क्सला, त्याहूनही दूर गेलीं. त्याच वाऱ्यानें नॉर्वेजियनांचीं व जर्मनांचीं गांवेंही ओस पाडलीं. त्यांचा रंग मात्र नकाशावर जसाचा तसा राहिला, कारण घटलेल्या संख्येंतही ते 'अधिक' आहेत! ओसाड माळावर फडकणाऱ्या या रंगाला काय म्हणावें?

एका गोष्टीबद्दल मात्र आम्ही आइसलंडी लोकांच्या भाबड्या चाहत्यांशींही सहमत नाहीं. दरवर्षीं ऑगस्टच्या आरंभीं माउंटन येथें उत्सव भरतो. १८७४ च्या २ ऑगस्टची, आइसलंडाला पहिली राज्यघटना मिळाल्याची, ती आठवण. त्या दिवशीं दूरदूरचीं माणसें गांवीं येतात, मिरवणूक निघते, आणि सुकविलेल्या आलुबुखारांचें सारण भरलेला थराथरांचा केक, विनारतेर्ता, घरोघर कापला जातो. हें सर्व गोड आहे; आम्ही त्याची थट्टा करीत नाहीं. उलट एवढ्याशा गांवीं वर्षांतून एकदां शेंकडों माणसें परततात, यावरूनच 'ते राहतात कोठें' या प्रश्नाचें अर्धें उत्तर मिळतें. निजावयास ते फार्गोंत असतील. राहतात ते माउंटनमध्यें. पण उरलेलें अर्धें उत्तर केकांत नाहीं. तें त्या मंदिराचें छप्पर शाकारण्यांत, थडग्यांवरचीं अक्षरें वाचतां येण्यांत, आणि आजोबांचीं पत्रें मुलांना समजण्यांत आहे. सण सोपा असतो; शाकारणी खर्चाची असते. थोड्यांचा समाज संपतो तो कोणी रंग दिला नाहीं म्हणून नव्हे. शाकारणीला कोणी आलें नाहीं, म्हणजे तो संपतो.

लेख संपविण्यापूर्वीं पुनः एकदां स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत जाऊं. फार्गो हें सव्वा लाख वस्तीचें शहर. त्यांत मराठी घरें किती असतील? त्या नकाशाच्या हिशेबानें स्नेह्यांच्या चिरंजिवांचें घरही 'नाहीं' या सदरांतच पडतें. त्यांच्या सूनबाई, त्यांची नात, तिनें दूरध्वनीवर अडखळत म्हटलेली शुभंकरोति, सारें नाहीं! मग दर रविवारीं सकाळीं आमचे स्नेही चहा निवूं देऊन कोणाशीं बोलत बसतात? जें माप आपल्या नातीस लावावयास मन धजत नाहीं, तें दुसऱ्याच्या आजीस लावूं नये, एवढीच आमची मागणी आहे. नकाशा भिंतीवर खुशाल राहूं द्यावा. फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यांत, जेथें माउंटन आणि गार्डर हीं बारीक अक्षरें आहेत, तेथें चष्मा पुसून एकदां पाहावें.